कुंकू लावलेल्या चाळीस पट्ट्या

शिवप्रिया: चाळीसच्या चाळीस, अव्वा? एकेकीला?

मल्लम्मा: एकेकीला. एकीला लावायचं अन दुसरीला न्हाय, असं कुठं असतंय व्हय?

शिवप्रिया: फ्रिजमधून काढल्या कधी?

मल्लम्मा: पहाटं. आज खंडेनवमी हाय. मामंजींचं खुरपं, विळा पुजेला मांडला. माझ्या नंदीशचा जुना लॅपटॉप मांडला. म्हणलं, सुनेचं काय मांडावं?

शिवप्रिया: मला विचारायचं होतं.

मल्लम्मा: आरोहीला पाजता पाजता तुझा डोळा लागला हुता. उठवू वाटलं न्हाय.

शिवप्रिया: डब्यावर एवढं मोठं लिहिलंय, उघडू नका.

मल्लम्मा: ते पाव्हण्यांना. म्या घरची.

शिवप्रिया: अव्वा, त्या कागदावर डीएनएचे बारीक तुकडे बसवलेत. आरोही पोटात होती तेव्हापासून मी तेच करतेय. ते एकच विष ओळखतात, बुरशीचं. गाईनं बुरसटलेली पेंड खाल्ली की ते दुधात उतरतं. पण पट्टीला ओल लागली की सगळं गेलं. आणि तुम्ही ओलं कुंकू लावलंत.

मल्लम्मा: डीएनए म्हंजी टीव्हीत बाप कोण ते बघत्यात, त्येच?

शिवप्रिया: तसलंच. पण हे माणसाचं नाही, लॅबमध्ये जोडून बनवलेलं.

मल्लम्मा: बिनमाय-बापाचं. मग कुंकू लावलं ते बरंच केलं.

शिवप्रिया: हसू नका. उद्या जळकोटातल्या पस्तीस घरचं दूध तपासायचंय. सोमवारी पुण्याच्या मॅडमना निकाल दिले नाहीत, तर हे काम दुसऱ्याला जाणार. बाळंतपणाची सुट्टी मागितली तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं.

मल्लम्मा: दुसऱ्याला कसं जाईल? तुकडे तू जोडले.

शिवप्रिया: तिथं असंच चालतं.

मल्लम्मा: उगं बेजार हुतीस. कुंकू कपाळाला लावलंय बग, वरच्या टोकाला. पायाला कोण लावतंय?

शिवप्रिया: दाखवा. ...हे तर धरायचं टोक आहे.

मल्लम्मा: मग?

शिवप्रिया: इथं तुकडे नाहीत. पण सकाळपासून समईजवळ पडल्यात. एक वाया घालवून बघावी लागेल. थोडं दूध द्या.

मल्लम्मा: शेजारनं आणते.

शिवप्रिया: आपल्या चांदी गाईचं आहे की घरात.

मल्लम्मा: आपल्या गाईचं न्हाय. म्या तवाच सांगितलं, तुझ्या यादीत आपलं नाव घालू नको. मल्लम्माची सून गावाचं दूध तपासती, अन मल्लम्माच्याच दुधात काय निघालं, तर डेअरीवर तोंड कसं दाखवू?

शिवप्रिया: यादीत कुठं घालतेय? पट्टी जिवंत आहे का तेवढंच बघायचं. वरची रेघ उमटली तर पट्टी चांगली. खालची उमटली तर दूध चांगलं. आपलं चांगलंच आहे ना?

मल्लम्मा: त्यात काय विचारायचं? घे. लेकराच्या वाटीत उरलंय.

(दहा मिनिटं जातात. आरोही चमचा आपटत बसली आहे.)

मल्लम्मा: आली का रेघ?

शिवप्रिया: वरची आली.

मल्लम्मा: बग. सकाळधरनं माझ्या नावानं बोंब. खालची?

शिवप्रिया: थांबा. दुसरी लावते.

मल्लम्मा: एकच वाया घालवायची म्हणत हुतीस.

शिवप्रिया: थांबा म्हणते ना, अव्वा.

मल्लम्मा: झाली की आणखी दहा मिनिटं. काय आलं?

शिवप्रिया: हिचंही तेच. खालची रेघ नाही. ती वाटी आधी बाजूला ठेवा.

मल्लम्मा: ठेवली.

शिवप्रिया: चांदीला पेंड कुठली घालताय?

मल्लम्मा: नेहमीचीच. मागल्या पंधरवड्यात टेम्पोत पोती भिजली हुती. जरा काळं धरलं हुतं. म्या चाळली, तीन उन्हं दिली. एवढी पेंड टाकून कशी द्यायची?

शिवप्रिया: ते उन्हानं जात नाही.

मल्लम्मा: दुधाला वास न्हाय. चव बी गोडच हाय. म्या रोज चाखून मगच तिला देते.

शिवप्रिया: कळतच नाही ते चवीला. म्हणून तर ह्या पट्ट्या.

मल्लम्मा: म्हंजी पंधरा दिवस लेकराला म्याच...

शिवप्रिया: दोन-दोन चमचे, अव्वा. मीही बघतच होते की. पेंड बदलली की चार दिवसांत दूध सुधारतं. तोवर तिला माझंच पुरे. तिला उद्या डॉक्टरांनाही दाखवून आणू.

मल्लम्मा: डेअरीत बी घातलंय म्या.

शिवप्रिया: आजपासून घालू नका. आणि ह्या दोन पट्ट्या मी कुणाला सांगत नाही. आपलं घर यादीत नाहीच.

मल्लम्मा: टेम्पो एकच हुता, प्रिया. गल्लीतल्या समद्यांची पोती त्यातच हुती. बाया तुला दूध देतील, पण पेंड वाळवून घातली हे कोण सांगल? म्या तरी सांगितलं का?

शिवप्रिया: मग काय करू?

मल्लम्मा: यादी काढ.

शिवप्रिया: अव्वा...

मल्लम्मा: वरच्या वळीत जागा हाय का? तिथं लिव. मल्लम्मा, एक गाय.