रोशनला वगळण्याचं कारण

(वर्ध्यातलं वकील शकुंतलाबाईंचं ऑफिस. समोर नत्थूजी झाडे आणि त्यांची मुलगी समीक्षा.)

शकुंतलाबाई : मृत्युपत्रात मुलाचं नाव घालावंच लागेल, नत्थूजी. नुसतं सोडून दिलं, तर उद्या तो कोर्टात म्हणेल, बाप म्हातारा होता, विसरला.

नत्थूजी : नऊ वर्सं झाले, ते नाव घरात घेतलं नाई आमी.

समीक्षा : रोशन. लिहा मॅडम, रोशन नत्थूजी झाडे.

शकुंतलाबाई : घर तुमच्याच कमाईचं ना?

नत्थूजी : हो. बोरगावचं. यष्टीत होतो मी, पगारातून बांधलं. ते हिले द्याचं. सेवाग्रामले दवाखान्यात ड्युटी करते, अन् घरी येऊन माहं सारं करते.

शकुंतलाबाई : ठीक. आता रोशनला काहीच का नाही, त्याचं एका वाक्यात कारण सांगा.

समीक्षा : आई गेली तवा मयतीले आला नाई. तेरवीलेई नाई.

शकुंतलाबाई : हे टिकेल. 'सख्ख्या आईच्या अंत्यविधीलाही...'

नत्थूजी : थांबा. ते खोडा.

समीक्षा : काऊन बाबा? आलता काय तो?

नत्थूजी : त्याले कळवलंच नव्हतं. तू फोन लावून राह्यलती. मी म्हटलं, ठेव.

समीक्षा : अन् मी ठेवला. पण हे इथं काऊन सांगून राह्यले? उद्या तो कोर्टात गेला, तर मी कुठं जाऊ?

नत्थूजी : घर तुलेच. पण खोटं नाई लिहाचं. सही माही हाये.

शकुंतलाबाई : मग त्याआधीचं सांगा. मारहाण, शिवीगाळ?

नत्थूजी : कधीच नाई. लग्न आपल्या मनानं केलं. बायकोले घेऊन आलता. मी म्हटलं, मी हाये तोवर या दारात पाय ठेवू नको.

शकुंतलाबाई : त्यावर तो?

नत्थूजी : चपला घातल्या अन् गेला.

समीक्षा : आधी पाया पडला तुमच्या.

नत्थूजी : पडला असंन. मले आता त्याचा रागबी येत नाई, वकीलबाई. यादबी येत नाई. सुन्न झालं सारं.

शकुंतलाबाई : राग नाही, तर दोघांना अर्धं अर्धं करू?

नत्थूजी : नाई. हिनं केलं, हिलेच भेटलं पाह्यजे.

शकुंतलाबाई : मग कारण द्या. काय लिहू?

नत्थूजी : लिहा, बापानं म्हटलं येऊ नको. अन् पोरानं ऐकलं.