फिर्मिनच्या मनगटावरचा नंबर

—माझा नंबर का होता, तुझा का नाही, एवढंच ना? मग सरळ विचार की, गोदेलीव्ह. त्याला पुरून आठवडा झाला, रोज खिडकीतून माझ्याकडे बघतेस, हाक मारत नाहीस—आणि आज बोलावलंस ते ही पट्टी टेबलावर मांडून. दवाखान्याच्या पिशवीतून आली ना? 'फिर्मिन, जन्म १९४७, काही झाल्यास नॉर्बर्टला फोन करा.' आता नॉर्बर्ट मी, त्याला मी काय करू? सायकल क्लबनंच फर्मान काढलं, सत्तरी ओलांडलेल्यानं मनगटाला पट्टी बांधायची, नाहीतर रविवारी सायकल घेऊन यायचं नाही. बाकीच्यांनी बायकांचे नंबर कोरून घेतले, यानं माझा. का—खरंच ऐकायचंय तुला?

भीत होता तो तुला. हो, तुलाच! गुडघा धरला तेव्हा तू त्याची सायकल तळघरात कुलपात घातलीस—चार महिने! चार महिने तो माझ्या स्वयंपाकघरात बसून माझं डोकं खात होता. म्हणून मग हृदयाचं दुखणं निघालं, तेव्हा तुला ताकास तूर लागू दिली नाही त्यानं. गेंटच्या डॉक्टरकडे मीच न्यायचो, तुला सांगायचो पत्त्यांचा डाव आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, दोन वर्षं... अशी बघू नकोस. डबी माझ्याकडे असायची, कॉफीच्या डब्याशेजारी. सकाळ-संध्याकाळ यायचा, गोळी गिळायचा, तुझ्या नावानं दोन शब्द बोलायचा नि जायचा. मी म्हटलं होतं, अरे बाबा, हे पट्टीवर लिही, पट्टी त्यासाठीच असते. तर म्हणे, अंघोळीला काढली की गोदेलीव्ह वाचेल. मला म्हणे, 'नॉर्बर्ट, तू आहेस की, तुला फोन करतील, तू सांग.' झालं! एवढी त्याची अक्कल.

दवाखान्यानं हयगय केली म्हणून तू गावभर सांगतेस—सांग, सांग. पण डोक्यातलं रक्त का थांबत नाही, हे त्यांना कसं कळावं? तो बेशुद्ध, पट्टीवर काही नाही, आणि माझा फोन... लागला नसेल. कोप्पेनबर्गच्या चढावर रेंज कुठं असते? नसतेच... बरं, असते. कॅफेत तर असतेच.

हो, कॅफेत होतो मी. पुढं गेलो होतो त्याला टाकून. चाळीस वर्षं थांबलो ना, प्रत्येक चढाच्या माथ्यावर, पावसात, वाऱ्यात, हा येतोय धापा टाकत—त्या रविवारी नाही थांबलो. क्लबातली ती पोरं—पोरं कसली, साठीचे घोडे—मला म्हणाली, नॉर्बर्ट, तुमचं दोघांचं लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं? सगळे खिदळले. आणि मला राग कुणाचा यावा? फिर्मिनचा! सुटलो मी, मागं वळून पाहिलं नाही. चढावरच्या दगडी रस्त्यात चाक अडकून तो डोक्यावर आपटला, तेव्हा मी वर कॅफेत बसून बिअर मागवत होतो.

फोन आला. अनोळखी नंबर. मला वाटलं हाच असणार, कुणाचा तरी फोन मागून घेतला असेल, 'कुठं आहेस रे, थांब ना' करायला. कापला. परत वाजला. पोरांना दाखवला—बघा, आली बायको शोधत—पुन्हा हशा. कापला. तिसऱ्यांदा तर मी बघितलंसुद्धा नाही, पालथाच घातला टेबलावर.

चौथा घेतला! घेतला ना मी, गोदेलीव्ह. बाई होती दवाखान्यातली. नाव ऐकलं नि मी उभाच राहिलो—गोळ्या, कुठल्या, किती, सकाळची कधी घेतली, सगळं एका दमात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं शेवटपर्यंत. मग म्हणाली, ते आता राहू द्या. त्यांच्या बायकोचा नंबर आहे का तुमच्याकडे?

दिला मी. पाठ आहे मला तुझा.

...माझा कोट कशाला काढतेस खुंटीवरून, मी घेतो. जातो म्हटलं ना.