गच्चीवर वाळवलेलं लोखंड

आमच्या बाबांनी तं एकदा माझी नोकरी घालवलीच होती, राजेहो! आमची कंपनी लोखंडाच्या भुकटीत मेण कालवून दाणे बनवते. ते साच्यात दाबले की बारीक पुर्जे होतात. मे महिन्यात नमुन्याचं एक पोतं सकाळी गिऱ्हाइकाले नेऊन द्याचं म्हणून मी आदल्या दिवशी घरी ठेवलं अन् ड्युटीवर गेलो. लाखांदूरहून आलेल्या बाबांनी त्यात हात घातला. त्यांना माल ओलसर वाटला. मग काय, धानासारखा गच्चीवर पसरला! मी घरी येऊन पाहतो तं मेण वितळून एकच ढेप.

"बाबा, हे काय करून ठेवलं जी? आता साहेबाले काय सांगू?"

बाबांनी ढेप बोटानं दाबून पाहिली.

"सांग, आमच्या बाबांनी जन्मभर धान वाळवलं. पण उन्हात टाकल्यावर भात होते, असं धान त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं!"