वाढत्या अंगाचं

...आणि बटणं कुठे, तर पाठीला! मला सांगा, ज्या कुणी पहिल्यांदा लहान मुलीचा फ्रॉक शिवला असेल, त्याला काय वाटलं, पोरीला मागून हात फुटलेले असतात? नाही. त्याला वाटलं, मागे आई उभी असणारच. धरूनच चालला तो. आणि आता मागे कोण उभं आहे, तर मी. गॅरेजमध्ये काम करणारा माणूस. बोटं ही अशी, नखांत ग्रीस, साबणानं धुतलं, रॉकेलनं धुतलं, जात नाही... आणि बटण केवढं, तर मसुराच्या दाण्याएवढं. तुम्हाला सांगतो, ट्रकचं चाक काढणं सोपं. चाक निदान एका जागी उभं तरी राहतं.

भिंगरी राहत नाही. भिंगरी म्हणजे माझी भाची, माझ्या ताईची थोरली. धाकटा ढब्बू, तो त्या वेळी खाटेखाली स्वतःचा मोजा चघळत बसला होता, आणि त्याचा एक बूट गायब होता. त्याचा एक बूट कायम गायब असतो. दोन्ही एकदम हरवले तर निदान शोधायचं तरी सोडून देता येईल.

ताई थंडीत गेली. भिंगरीची वेणी घालता घालता म्हणाली, डोकं दुखतंय रे, आणि संध्याकाळी दवाखान्यात... असो. भाऊजी आहेत, पण कसे आहेत, तर खुर्चीवर ठेवल्यासारखे. उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवले तरी त्यांना कळायचं नाही. आईचं म्हणाल, तर ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. मग राहिलं कोण?

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मावशीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून! तेही घरात नाही, हॉलमध्ये नाही, बागेत, गवतावर. फोनवर मला पढवलं तिनं, की थंडी सरली, झाडांना पालवी आली, पोरांनी किती दिवस कोंडून बसायचं, चार माणसांत आली की विसरतील. काय विसरतील, ते नाही सांगितलं. वर फर्मान, सगळ्या पोरांनी पिवळं घालायचं, फोटो उठून दिसतो. भिंगरीसाठी पिवळा झगा पाठवूनही दिला, जाळीचा. जाळी अशी, की कढई घासून घ्यावी.

आणि हे दिवस कसले, तुम्ही सांगा! सकाळी घराबाहेर पडावं तर हुडहुडी भरते, दुपारी टाळू तापते, आणि मध्येच असा वारा सुटतो की पुन्हा हुडहुडी. स्वेटर घातला तर पोर रडतं, काढला तर शिंकतं. अर्धाच घालायचा स्वेटर अजून कुणी शोधून काढलेला नाही.

तर भिंगरीनं तो पिवळा झगा दोन बोटांनी उचलला, खाटेवर टाकला, आणि म्हणाली, "आईनं सांगितलंय, या वेळी निळा."

आता निळ्याची गोष्ट ऐका. ताईनं तो गेल्या वर्षी याच दिवसांत घेतला. वाढत्या अंगाचा. आमच्या ताईनं जन्मात कुणाला मापाचा कपडा घेतला नाही. पोरीला वाढत्या अंगाचं, पोराला वाढत्या अंगाचं, आणि मला? अहो, माझी मिसरूड फुटली, उंची वाढायची थांबली, मी कमावता झालो, तरी माझे शर्ट वाढत्या अंगाचे! हा बघा, हा अंगात आहे तो शेवटचा. बाह्या बोटांवर येतात. मी म्हणायचो, ताई, आता मी कुठे वाढणार? तर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायची आणि म्हणायची, राहू दे, वाढत्या अंगाचं बरं असतं.

तर फ्रॉक पायांत यायचा, म्हणून तिनं खालचा घेर आत दुमडून टाके घातले होते. पोर वाढली की सोडायचा. आता पोर वाढलीच ना! आई गेली म्हणून थांबते थोडीच? निळा घातला तर गुडघ्याच्या वर. भिंगरी म्हणाली, मामा, खालचं सोड. सरळ बोलली, जसं नळ सोड म्हणावं.

मी ब्लेड आणलं. फ्रॉक उलटा केला. आणि बघतो तर... टाके. बारीक, एकसारखे, पांढऱ्या दोऱ्याचे.

तुम्हाला सांगतो, ताईच्या साड्या मावशीनं वाटून टाकल्या. डोळ्यांसमोर नकोत म्हणे. तिनं घातलेलं लोणचं संपलं. तिनं भरलेला तिखटाचा डबा आईनं रडत रडत संपवला. आता तिच्या हातचं म्हणून घरात काय उरलं होतं? हे टाके. आणि मी ब्लेड घेऊन बसलोय! नाही झालं माझ्यानं. मी पोरीला म्हटलं, आखूडच छान दिसतो, हल्ली असंच घालतात.  मी खाली लेगिंग चढवली, तीही उलटी, आणि निघालो. एका कडेवर ढब्बू, एका पायात बूट.

बागेत सगळीकडे पिवळं. जसं झेंडूचं पोतं सांडलंय. मावशीनं आम्हाला बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. वारा सुटलेला, फ्रॉक उडतोय, पोर दोन्ही हातांनी खाली ओढतेय. मावशी म्हणाली, अरे, एवढी चार बोटं आत आहेत, उसवायची अक्कल नाही का तुला, आण इकडे. आणि केक कापायची सुरी घेऊन खाली वाकली.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी ओरडलो एवढं खरं. "हात लावायचा नाही! साड्या दिल्यास तेवढ्या पुरे!" मनगट धरलं मी तिचं. सरबताचं पातेलं लवंडलं, फोटोवाला कॅमेरा खाली घेऊन उभा. तिथेही खुर्चीवर आणून ठेवलेले भाऊजी उठले. त्यांना उठलेलं मी पहिल्यांदा बघितलं, म्हणजे तेव्हापासून पहिल्यांदा.

मावशीची सुरी गवतात पडली. ती हळूच म्हणाली, "मला बघवत नव्हत्या रे त्या साड्या. म्हणून दिल्या." आणि तशीच मटकन खाली बसली.  मी आपला मनगट धरून उभा. सोडायचं सुचेना.

एवढ्यात भिंगरी म्हणाली, "मामा, कापायचं नसतं."

तिनं घेर उलटा केला, शिवणीपाशी एक गाठ होती, ती बोटानं शोधली. "आईनं मला दाखवलंय. इथून ओढायचं." आणि ओढलं. सर्रकन सगळा दोरा निघाला हो! एकसलग. कुठे अडकला नाही, तुटला नाही. कच्चे टाके होते ते. निघावेत म्हणूनच घातलेले. तिला ठाऊक होतं आणि मला, एवढ्या घोड्याला, ठाऊक नव्हतं. घेर खाली उतरला, चांगला गुडघ्याखाली. वरचा फ्रॉक धुऊन धुऊन विटलेला आणि खालचा पट्टा गडद, कोरा, दुकानातून आत्ता आणल्यासारखा.

दोरा तिनं माझ्या हातात दिला, गोळीचा कागद देतात तसा, आणि पळाली. मी बघितलं, दोरा सरळ नव्हता. प्रत्येक टाक्यापाशी थोडा थोडा वळलेला होता. खिशात ठेवलाय. बघा, हा.

फोटो काढला शेवटी. पिवळ्यांत एक निळी. उठून दिसते, मावशीच म्हणाली, नाक पुसत.

निघताना भिंगरीनं मला फ्रॉक आतून दाखवला. वर, कमरेच्या शिवणीला, अजून एक दुमड. पांढरे टाके. एका टोकाला गाठ. "ही पुढच्या वर्षीची," म्हणाली. "बटणं तूच लाव हं, तू हळू लावतोस." मग माझ्या बाह्यांकडे बघितलं. "मामा, तुझा शर्ट तुला कधी होणार?"

मी ढब्बूचा बूट शोधत होतो. आता दुसरा हरवला होता. वर न बघताच म्हटलं, राहू दे गं... वाढत्या अंगाचा आहे.