कपाळावरची चिठ्ठी

आमची वडाप गाडी, म्हणजे जीपनी, प्रवाशांनी भरेपर्यंत माझ्या समोरच्या बाकावर आलिंग रुफिना शेजारणीपुढे नुसत्या तडतडत होत्या. पलीकडे त्यांचा म्हातारा नवरा बसला होता.

“शाळेत शब्दांची उजळणी म्हणे! बाईंनी आमच्या नातीच्या, जोवीच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीतला शब्द तिने ओळखायचा. तिने विचारायचं, वर्गाने हो-नाही ओरडायचं.”

“मजाच की, मावशी.”

“कसली डोंबलाची मजा? पोरीने विचारलं, घरात असतं? हो! कोपऱ्यात असतं? हो! दिवसभर गुरगुरतं? हो! कधी बाहेर पडतं? नाही!”

“मग?”

“म्हणाली, आमचे आजोबा! सगळा वर्ग खिदळला. चिठ्ठीवर होतं, फ्रिज.”

“अगं बाई!”

“हसू नकोस! शब्द पाठ होता तिला. पण आमच्या घरात कुठला आलाय फ्रिज? पोर जे बघते तेच सांगणार ना? आणि बाईंनी सरळ फुली मारली!”

“मग आता बाईंशी भांडायला निघालात?”

“मी नाही गं. मी नुसती सोबतीला. भांडायला हे निघालेत.”

“हे? मुलगा समुद्रात बुडून गेला त्या दिवसापासून यांनी उंबरा ओलांडला नव्हता ना?”

“चार वर्षं झाली. आज सकाळी आपणहून चप्पल शोधायला लागले.”

“ए ड्रायव्हर, हलव की गाडी! शाळा सुटेल तिकडे,” म्हातारा गुरगुरला.