सुट्टीच्या दिवशी ढिले होणारे स्क्रू

सन्माननीय अध्यक्ष, कारखान्याचे व्यवस्थापक साहेब; खास वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या; व्यासपीठावर विराजमान झालेले दुरुस्ती विभागाचे आजी-माजी अधिकारी; आजचे सत्कारमूर्ती, ज्यांच्याकडे मी मुद्दाम पाहत नाहीये, कारण मी पाहिलं की ते छताकडे पाहतात; समोर बसलेले सर्व कामगार बंधू-भगिनी आणि त्यांची घरची मंडळी; आणि मागच्या दाराशी उभे असलेले ते दोघं, ज्यांना चहा कुठे ठेवलाय हे कळलेलं आहे; अशा सर्वांना माझा नमस्कार.

नमनाला घडाभर तेल घालू नये म्हणतात. पण एवढी मोठी माणसं एका ओळीत बसवलीत, त्यातलं कुणाला वगळायचं, तुम्हीच सांगा.

"वहिनींनी दोन शब्द बोलावेत" असा निरोप मला मागच्या आठवड्यात आला. आमच्या घरात दोन शब्द म्हणजे बऱ्यापैकी मोठं भाषण, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. भाषण पाठही केलं. रोज फ्रीजसमोर उभी राहून म्हणत होते. त्यात कारखान्याचे आभार होते, यांच्या सचोटीबद्दल चार वाक्यं होती, शेवटी एक सुविचार होता. पण माझ्या आधी विभागाचे नवे प्रमुख बोलले, त्यांनी यांची एक आठवण सांगितली, आणि माझं सगळं पाठांतर पुसलं गेलं. आता जे तोंडाला येईल ते बोलते.

यांचं काम काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. दुरुस्ती विभागाची हाताने वापरायची हत्यारं निवडायची, सांभाळायची आणि माणसाला त्याच्या कामाचं हत्यार द्यायचं. आत्ताच तीन वक्त्यांनी सांगितलं, की हत्यारखोलीत यांच्या खिडकीशी जाऊन "एक स्क्रू ड्रायव्हर द्या" म्हटलं तर हे कधी देत नसत. "काय उघडायचंय?" हे विचारत. स्क्रू कुठे आहे, किती खोल आहे, घट्ट आहे की गंजलाय, आजूबाजूला वीज आहे का. माणूस वैतागायचा. पण एकदा हत्यार हातात पडलं, की त्याचं काम व्हायचं. तुम्ही सगळे हसलात, टाळ्या वाजवल्यात. मला मात्र हेवा वाटला. एवढे प्रश्न विचारतात हे? एका माणसाला? मला तर वाटत होतं, यांना प्रश्न विचारताच येत नाहीत.

लग्न होऊन मी घरात आले तेव्हा हे कामावरून यायचे, हातपाय धुवायचे आणि मूग गिळून बसायचे. रागीट नाहीत हो, तसं कुणी समजू नका. कधी आवाज चढवला नाही, कधी ताट सरकवलं नाही. पण बोलायचंच नाही. मी म्हणायची, आज गरम होतंय. हे म्हणायचे, हो. मी म्हणायची, शेजारच्यांकडे पाहुणे आलेत. हे म्हणायचे, असं का. संपलं. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, तो लहानपणापासून असाच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तू मनाला लावून घेऊ नकोस." मनाला लावून घेऊ नकोस म्हणणं सोपं असतं. त्यांना निदान मी होते बोलायला.

मग एका सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या खणाची मूठ निघून हातात आली. हे उठले, हत्यारांची पिशवी आणली, फरशीवर बसले आणि मला म्हणाले, "इकडे ये, बस, स्क्रू धर." मी बसले. आणि महाराज, हे बोलायला लागले.

स्क्रूच्या खाचेएवढंच रुंद टोक पाहिजे, म्हणाले. अरुंद असलं तर खाच कुरतडतं, रुंद असलं तर बाजूचं लाकूड ओरबाडतं. नुसती रुंदी पाहू नये, जाडीसुद्धा पाहावी. टोक खाचेत बसल्यावर डुगडुगलं नाही पाहिजे. फुलीच्या स्क्रूचं तर आणखीच निराळं. दोन जातींच्या फुल्या असतात, दिसायला सख्ख्या बहिणी. पण एकीत चार बारीक रेघा जास्त असतात, आणि एकीचं हत्यार दुसरीत घातलं की ते जोर लावताच उसळून बाहेर येतं. मूठ घट्ट कामाला जाड, नाजूक कामाला बारीक. ओट्याखाली बुटका, खोल जागी लांब दांड्याचा. आणि विजेच्या कामाला टोकापर्यंत आवरण चढवलेला, तिथे काटकसर करायची नाही. एवढं सगळं, एका दमात! मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. माझ्या मनात एकच आलं, सापडलं.

पुढच्या सुट्टीला न्हाणीघरातला आरसा ढिला झाला.

हसताय? हसा. आपोआप झाला नव्हता, हे तुम्हाला कळलंय. मी केला होता, भाजी चिरायच्या सुरीने. हे आरशापाशी गेले, खाच पाहिली आणि यांचा चेहरा असा पडला, जसं काही कुणी घरातल्या माणसाला मारलंय. "हे कुठल्या गाढवाने केलं?" मी म्हटलं, "कोण जाणे बाई, आधीचे भाडेकरू असतील." त्या दिवशी हे बोलले, पण त्या गाढवाबद्दलच बोलले. ते ऐकणं काही सुखाचं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं, ढिला करायचा तर रीतसर करायचा. यांच्या पिशवीतला एकेक स्क्रू ड्रायव्हर काढून खाचेत बसवून पाहायची. आधी दाबायचं, मग पिळायचं, हे शिकले. मनगट सरळ ठेवायचं, हे शिकले. तुमच्या विभागात नवीन येणाऱ्याला जे शिकायला वर्ष लागतं म्हणतात, ते मी दुपारच्या वेळात शिकले, कारण मला गरज होती. खाचेवर ओरखडा म्हणून सापडू द्यायचा नाही. आणि मग आमच्या घरात सुट्टीच्या दिवशी काही ना काही ढिलं व्हायला लागलं. आज फळी, उद्या खुंट्यांची पट्टी, परवा भिंतीवरचं घड्याळ. नातेवाईक म्हणायचे, बांधकामच फालतू आहे.

अध्यक्ष महाशय, चिठ्ठी पाठवू नका, वाटतंय तेवढी लांबण मी लावणार नाही.

तर त्या वेळी मी शेजारी बसायची, तळहातावर स्क्रू धरून. हे काम करायचे आणि दोन स्क्रूंच्या मधे दुसरंच काहीतरी बोलून जायचे. लहानपणी अंधाराची भीती वाटायची, हे मला फळीखाली कळलं. वडिलांशी शेवटचं बोलणं भांडणाचं झालं, हे खुंट्यांच्या पट्टीपाशी कळलं. समोरासमोर बसून यांना ते जन्मात सांगता आलं नसतं. डोळे स्क्रूकडे असले, की यांचं तोंड उघडायचं. मी काही विचारायची नाही. विचारलं, की थांबायचे.

आमची मुलगी नोकरीसाठी लांब गेली, त्या आठवड्यात मी तिच्या खोलीतल्या पुस्तकांच्या फळीचे सगळे स्क्रू ढिले करून ठेवले. हे बसले. पहिला घट्ट केला, दुसरा केला, मग स्क्रू ड्रायव्हर मांडीवर ठेवला. म्हणाले, "घर फार मोठं वाटतंय." मी म्हटलं, "हो." म्हणाले, "तुला दिवसभर वाटत असेल." मी म्हटलं, "हो." आमच्या संसारातलं सगळ्यात मोठं संभाषण ते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हे एक बाटली घेऊन आले. लहानशी. तुम्हा लोकांना माहीत आहे, आट्यांना लावलं की स्क्रू पुन्हा हलत नाही, ते. सुट्टीचा अख्खा दिवस हे घरभर फिरले. आरसा, फळ्या, मुठी, घड्याळ. एकेक स्क्रू काढला, लोखंडात ते औषध लावलं, लाकडात सरस आणि लाकडाची कपची भरली, आणि पिळून बसवला. मला शेजारी बोलावलंही नाही. संध्याकाळी हात धुताना म्हणाले, "आता जन्मात ढिला होणार नाही."

नाही झाला. मी प्रयत्न करून पाहिला. बरोबर टोक घेतलं, जाड मूठ घेतली, दोन्ही हातांनी जोर लावला, तळहाताला फोड आला. स्क्रू जागचा हलला नाही. यांचं काम ते, हलेल कसं?

तेव्हापासून आमच्या घरात काही मोडत नाही. येणारा-जाणारा कौतुक करतो, की वहिनी, घर असावं तर असं, एक दार कुरकुरत नाही. मी चहा देते. हे जेवतात, बातम्या बघतात, झोपतात. सासूबाई गेल्या, मुलगी फोन करते ती घाईत असते. दुपारी मी रेडिओ लावते, गाण्यासाठी नाही, कुणीतरी बोलत असावं म्हणून. एकटं राहणाऱ्या माणसाला लोक निदान विचारतात तरी, कसं चाललंय म्हणून. नवरा घरात असलेल्या बाईला कोण विचारणार?

पण मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. म्हटलं, यांना बिचाऱ्यांना काय माहीत? सारखं ढिलं होतंय, बायकोला त्रास होतोय, म्हणून चांगुलपणाने पक्कं करून टाकलं. इतकी वर्षं त्या समजुतीवर काढली.

आणि आज नवे प्रमुख इथे उभे राहून काय म्हणाले? म्हणाले, साहेबांनी, म्हणजे यांनी, आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं, की ज्याला हादरे बसत नाहीत तो स्क्रू आपोआप ढिला होत नाही. झाला म्हणजे कुणीतरी केला. आणि खाचेवर ओरखडा नसेल, तर ज्याने केला त्याला काम येतं. त्याच्यावर ओरडू नका. जवळ बसवा आणि विचारा, का केलं.

तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. माझ्या हातात पाण्याचा पेला होता, तो तसाच राहिला. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का.

अहो, आता मी तुमच्याकडे बघून बोलते. छत राहू द्या, ते पक्कं आहे. तुम्हाला माहीत होतं. भिंतीवरच्या आरशाला कुठले हादरे बसतात? पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी दर सुट्टीला येऊन बसत होतात, स्क्रू धर म्हणत होतात. हे मला आज कळलं, आणि खरं सांगते, क्षणभर फार आनंद झाला. पण मग बाटली कशाला आणलीत? तुम्हाला माझा कंटाळा आला होता का? की त्या दिवशी फळीपाशी जास्त बोललो, असं वाटलं? की मी विचारेन पुढचं काही, म्हणून भ्यालात? कामावरच्या लोकांना सांगायचं, जवळ बसवा आणि विचारा. आणि घरात मात्र स्क्रूच बंद करून टाकायचा, हे कसं? एकदा विचारायचं होतंत, का केलं. मी सांगितलं असतं, तुमच्याशी बोलायला मला फार आवडतं. दुसरं काही कारण नव्हतं.

मला असं करायचं नव्हतं. पण घरी मी हे विचारू शकले नसते, कारण घरी आम्ही दोघंच असतो आणि विचारलं की हे उठून जातात. इथे यांना खुर्चीवरून उठता येत नाही, सत्कार यांचाच आहे.

असो. कारखान्याने यांना एवढी वर्षं मान दिला, आज असा देखणा कार्यक्रम केला, मलाही बोलायला उभं केलं, त्याबद्दल व्यवस्थापक साहेबांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार मानते. नव्या प्रमुखांचे जरा जास्त मानते. त्यांना कल्पना नाही, त्यांनी काय सांगितलं. उद्यापासून यांना कामावर जायचं नाही. तुमच्या खिडकीशी आता दुसरं कुणीतरी बसेल, आणि आमच्या घरी पहिल्यांदाच सगळे दिवस सुट्टीचे असतील. मला त्याची भीती वाटते, हेही सांगून टाकते.

बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाचा वेळ खाल्ला असेल, घरातली गोष्ट चारचौघांत काढल्याबद्दल कुणाला वाईट वाटलं असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने मला क्षमा करावी. यांनी मात्र क्षमा करू नये, उत्तर द्यावं. घाई नाही. मी घरीच असते.