दामिनीचा विषय

आसगावला कीर्तन होतं, म्हणून मी पवनीच्या बस स्थानकावर गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकावर मायलेकी होत्या. लेकीने नुकतंच अकरावीत नाव घातलं होतं आणि एका विषयावरून दोघींचं बिनसलं होतं.

“खेळाचा विषय कायले पायजे तुले, दामिनी? तुले सिकलसेल हाय. धावली का खाट धरशीन.”

“मले कुठं धावाचं हाय?”

“मंग खेळाच्या तासाले काय भजन करशीन?”

“माय, त्यात आरोग्यबी शिकवतेत. पाणी किती प्याचं, थकलं का कुठं थांबाचं, हेच तं मले शिकाचं हाय. अन सर म्हणे, तू कबड्डीची पंच हो.”

“म्हंजे?”

“शिट्टी मारणारी. तिचं साऱ्यायले आयकाच लागते.”

“तुहा भाऊबी आयकन?”

“मोनूले तं पयलेच बाहेर काढीन!”

“घरात तं आताबी तुहीच शिट्टी वाजते, बाई. पण दुखलं तं सांगशीन का? का मांगच्या वर्षासारखी लपवशीन?”

“सांगीन. देवाशपथ.”

“देवाले कायले मंधात आणतं? मह्याकडे पाहून बोल.”

“सांगीन, माय.”

तेवढ्यात गाडी लागली आणि कंडक्टर ओरडू लागला.

“आसगाव, आसगाव! चला, मावशी!”

“तुमी जा, भाऊ. आमाले खेळाचा विषय लिहाले शाळेत परत जाचं हाय. चाल दामिनी, सर निंघून जाच्या आंधी पोचू. अन विचारजो त्यायले, पंचाच्या मायले पुढं बसाले जागा भेटते का.”